तीन पदरी माळ घरच्या घरी

गौरी-गणपती तोंडावर आलेत. गौरीला घालायला किंवा हळदीकुंकवाला मिरवायला मण्यांची माळ आपल्यापैकी पुष्कळजणी घरी करतात. काहीजणी बचत गटातून विकतातही. पण विकलेली माळ आठ दिवसांत तुटली, तर ती बाई पुन्हा येत नाही. म्हणून आज टिकाऊ माळेबद्दल बोलू. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

आधी माप. सर एकाखाली एक बसायला हवेत, तर प्रत्येक सर वरच्यापेक्षा १ इंच लांब ठेवा. म्हणजे १६, १७ आणि १८ इंच. ४ मिलिमीटरचे मणी घेतले, तर पहिल्या सराला साधारण १०२, दुसऱ्याला १०८ आणि तिसऱ्याला ११४ लागतात. बेरीज ३२४. फुटके-वाकडे निघतात, म्हणून ३५० आणा. गौरीच्या गळ्याचं माप मात्र सुतळीने वेगळं घ्या.

ताटात जाडसर पंचा पसरून मणी निवडा, घरंगळणार नाहीत. काचेच्या मण्याची भोकाची कड टवका उडालेली असेल, तर ती दोरा हळूहळू कापते. असा मणी कितीही देखणा असला तरी बाजूला काढा. लहान मूल रांगतं असेल, तर हे काम ते झोपल्यावरच करा.

दोरा पिळाचा नायलॉनचा घ्या. तंगूस ताठ असतो, त्याची गाठ सरकते. दोऱ्याच्या टोकाला नेलपॉलिश लावून वाळवलं, की सुईविनाही ओवता येतं. दोन्ही बाजूंना वीतभर दोरा जास्त ठेवा. नायलॉन नंतर ताणतो, म्हणून ओवण्याआधी दोरा खुंटीला बांधून खाली किल्ल्यांचा जुडगा रात्रभर लटकवा.

आता गाठ. तिन्ही सर एका कडीत अडकवा, पण प्रत्येकाचा दोरा वेगळा आणि गाठही वेगळी. एक तुटला, तरी दोन गळ्यात राहतात. गाठ मारण्याआधी मण्यांमध्ये एका मण्याइतकी मोकळीक सोडा, नाहीतर माळ काठीसारखी ताठ राहते. गाठीनंतर उरलेला दोरा शेवटच्या पाच-सहा मण्यांतून परत आणा, मगच कापा. गाठीवर गोंदाचा एक थेंब. मागे सरकत्या गाठीची गोंड्याची दोरी लावली, की माळ लहान-मोठ्या गळ्याला चालते.

विकणाऱ्या मैत्रिणींनी किंमत लावताना निवडण्याचे, ओवण्याचे तास लिहून ठेवावेत. समजा साहित्य ९० रुपयांचं आणि वेळ ३ तास, तर १०० रुपयांना दिलेल्या माळेत तुमच्या तीन तासांचे दहाच रुपये होतात. बाजारच्या माळेशी भावात स्पर्धा करू नका. सुटली तर गाठवून देईन, एवढं सांगा आणि तसं द्या.

पहिली माळ विकायला काढण्याआधी आठ दिवस स्वतः घालून बघा.