श्यामच्या बेचाळीस रात्री आणि आमची सुट्टी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे मला तेवढंच येत असणार, असा त्यांचा समज. पण दिवसभर तेच बोलून मी कंटाळलेली असते, आणि तुम्हीही ते रोज मोबाइलवर वाचताच. म्हणून परवानगी घेऊन विषय बदललाय. गेले चार उन्हाळे आमच्या घरी आम्ही पाच जण मिळून पुस्तकं मोठ्यानं वाचतो, त्याबद्दल बोलते.

हे हौसेनं सुरू झालं नाही. माझे वडील, म्हणजे तुमचे अण्णाकाका, आपल्या गावच्या वाचनालयाचे चाळीस वर्षं सभासद. पुस्तक बदलायला जाणं हाच त्यांचा संध्याकाळचा फेरफटका. आई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याला आणलं आणि त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढला. या आजारात कडेचं दिसत राहतं आणि मधलं जातं. दार दिसतं, पंखा दिसतो, पण ज्या अक्षरावर नजर ठेवावी नेमकं तेच पुसलेलं. भिंग आणलं, मोठी अक्षरं करता येतील असा टॅब आणला. थोडे दिवस चाललं, मग त्यांनीच ते उचलून कपाटात ठेवलं. तक्रार केली नाही. फक्त बोलणं कमी कमी होत गेलं.

दुसऱ्या बाजूला मुलं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, मुलगा आठ. दोघंही इंग्रजी माध्यमात. मराठी फाडफाड बोलायची, पण छापलेलं मराठी पान पुढं आलं की चेहरे पडायचे. आजोबांना वाचता येत नव्हतं आणि नातवंडांना वाचायचं नव्हतं. घरात पुस्तकांची दोन कपाटं, आणि ती उघडत होती फक्त झाडलोटीला.

पहिल्या उन्हाळ्यासाठी ‘श्यामची आई’ निवडली, ती खरं सांगायचं तर हिशेब करून. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली कामं आटोपल्यावर श्याम रोज थोडं सांगतो आणि मित्र ऐकतात, अशा बेचाळीस रात्री. बेचाळीस म्हणजे बरोबर सहा आठवडे, जवळजवळ आपली उन्हाळ्याची सुट्टी. शिवाय प्रत्येक रात्र एका बैठकीत संपावी अशाच बेतानं लिहिलेली. माझा रात्री साडेनवाला अमेरिकेतल्या लोकांशी कॉल असतो. त्यामुळे साडेआठला जेवणं आटोपून टीव्ही बंद, आणि नऊ-सव्वानऊपर्यंत वाचन.

नियम थोडेच होते. पानापानाला वाचणारा बदलायचा. कुणीही, केव्हाही ‘थांब’ म्हणू शकतो. आणि ‘काय समजलं सांग बघू’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही. हा शेवटचा नियम मुलीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

पहिला आठवडा जड गेला. मुलगा ‘वाऱ्यावर’ हा शब्द ‘वार्यावर’ असा वाचायचा, रफार द्यावा तसा. तो वाकडा अर्धा र कळफलकावर कसा आणायचा यावर मी ऑफिसात दोन दिवस घालवलेत, पण तो तोंडात कसा आणायचा हे त्याला अण्णांनी पाच मिनिटांत शिकवलं: ‘वारा म्हण. आता त्याच्यावर बस. वाऱ्यावर.’ तिथून गाडी सुरू झाली. अडलेला शब्द आला की आम्ही फोनकडे हात नेण्याआधीच अण्णा सांगायचे. सोवळं, उष्टावण, माजघर, वळचण. नुसता अर्थ नाही. कुणाच्या घरी होतं, कसं होतं, तिथं कोण बसायचं, सगळंच. आठ दिवसांत ते आधीच येऊन खुर्चीत बसायला लागले.

तेव्हाच त्यांनी सांगितलं की, दहा वर्षांचे असताना श्रावणात ते वाड्यातल्या बायकांना पोथी वाचून दाखवायचे. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’. ऐकणाऱ्यांत वाचता येणारी एकही नाही, पण याची ओवी चुकली की तीन बायका एकदम दुरुस्त करायच्या. मला हे नवं होतं. आपण काही नवं करतोय असं वाटत होतं ना, तो भ्रम गेला.

शेवटच्या चार-पाच रात्री जवळ आल्या तशी मला धाकधूक वाटायला लागली. पुस्तक कुठं जातंय हे ठाऊक होतं. आई जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी गॅदरिंगच्या तालमीला तिच्या हातचे शेंगदाण्याचे लाडू खाल्लेत. त्या वर्षभरात आम्ही घरात तिच्याबद्दल बोलायचो ते चहात साखर किती घालायची आणि तिनं कुठली भांडी कुठं ठेवली होती, इतकंच. मी अण्णांना बाजूला घेऊन म्हटलं, ‘हे इथंच थांबवूया का? मुलांना दुसरं काही वाचू.’ ते म्हणाले, ‘एवढ्या रात्री ऐकल्यावर शेवटची ऐकायची नाही होय?’

त्या दिवशी वाचायची पाळी माझ्या नवऱ्याची होती. दोन पानांवर त्याचा आवाज बसला, त्यानं पुस्तक मुलीकडे दिलं. तिनं सलग वाचून संपवलं. कुणी काही बोललं नाही. मग अण्णांनी आईची हॉस्पिटलमधली शेवटची रात्र सांगितली. तिनं पाणी मागितलं, नर्सचं नाव विचारलं, आणि गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं का असं दोनदा विचारलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्या रात्री पुण्याहून निघून रस्त्यात होते. साडेनवाचा कॉल त्या दिवशी मी घेतला नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात ‘बनगरवाडी’. माडगूळकरांची ती माणसं मोठ्यानं वाचायला लागलं की, अण्णांच्या आजोळची बोली आपोआप बाहेर येते. कारभाऱ्याचं बोलणं त्यांनीच म्हणायचं, असं मुलांनी ठरवून टाकलं. मुलगा वाक्य हळू वाचणार, अण्णा ते माणदेशी हेल काढून परत म्हणणार. दुष्काळात वाडी उठते तिथं मुलीनं ‘थांब’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पुढचं वाचूच दिलं नाही.

तिसऱ्या वर्षी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. मोठ्यानं वाचायला याच्याइतकं सोपं पुस्तक मला अजून भेटलेलं नाही. बाई समोर बसून सांगतायत असंच वाटतं. ते एका सुट्टीत संपलं नाही, उरलेलं दिवाळीत वाचलं. टिळक न सांगता घरातून निघून जायचे, ते वाचून मुलगी इतकी चिडली की, नवऱ्याला आठवडाभर कुठं जातोय हे सांगूनच चप्पल घालावी लागली.

गेल्या वर्षी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. बनेश फुरसुंगीचा, आणि माझं ऑफिस फुरसुंगीच्या हद्दीत. रोज संध्याकाळी मुलगा विचारायचा, ‘आज दिसला का?’

सगळीच पुस्तकं अशी चालत नाहीत. काही नामांकित कादंबऱ्या मनात वाचायला सुंदर, पण मोठ्यानं वाचताना तिसऱ्या ओळीला श्वास संपतो. त्या आम्ही निमूटपणे परत ठेवल्या. ऐकायच्या पुस्तकांबद्दलही मला विचारतात. चांगली असतात. अण्णा दुपारी हेडफोन लावून ऐकतात, वाचणाऱ्यांचे आवाज आमच्यापेक्षा कितीतरी तयारीचे असतात. पण त्यांना ‘थांब’ म्हटलं की ते नुसतेच थांबतात. वळचण म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही.

मुलं आता एकट्यानं मराठी पुस्तकं वाचतात का? मुलगी वाचते. मुलगा नाही. तो एप्रिलची वाट बघतो, आणि मला तेही चालतं.

येत्या सुट्टीचं पुस्तक अजून ठरायचंय. मुलीची दहावी आहे, तिला छोटंसं काहीतरी हवंय. मुलाला भुताचं हवंय. अण्णांनी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ धरून ठेवलाय; सत्तावनच्या धामधुमीतून पायी फिरून आलेल्या माणसाचं ऐकायचं म्हणतात. नवरा ज्या बाजूला चहा लवकर मिळेल त्या बाजूला. दोन-दोन मतं झालीत आणि निर्णायक मत माझ्याकडे आहे. आठवीत सुट्टी लागायच्या आधीच्या तासाला आपल्याला गोष्टी वाचून दाखवणाऱ्या मराठीच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, जेवणाच्या वेळी तुमच्या शेजारी बसते. तुम्हीच सांगा.