शेगडी घ्याल तरच गॅस?

आज नवीन गॅस कनेक्शनबद्दल बोलू. आपण दवनीवाड्याचे असू नाहीतर पुण्याचे, एजन्सीच्या काउंटरवरचं एक वाक्य देशभर ऐकू येतं: "शेगडी आमच्याकडूनच घ्यावी लागेल, नाहीतर कनेक्शन होत नाही."

असा नियम नाही. आयएसआय मार्कची शेगडी कुठूनही घ्या. घरात चांगली असेल तर तीच चालते. एजन्सी ती तपासू शकते, तपासणीचे ठरलेले पैसे घेऊ शकते, बस्स. 2021 मध्ये आलेल्या उज्ज्वला 2.0 मध्ये तर पहिलं सिलिंडर आणि शेगडी दोन्ही मोफत आहेत.

एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, ही अट म्हणजे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली 'प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा'. शॉपिंग ॲपवाले कार्टमध्ये गुपचूप वस्तू टाकायचे, त्याला 2023 मध्ये मनाई झाली. काउंटरवर तेच चालतं, फक्त टिक काढायला बटण नाही.

पण नियम सांगून काय होतं? जवळपास एकच एजन्सी असते. वाद घातला तर पुढचं सिलिंडर लटकेल, असं आईबाबांना वाटतं आणि ते काही उगाच नाही. ब्रिटनमध्ये 2013 साली वीज-गॅस विकताना ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून ऑफजेम या नियामकाने एसएसई कंपनीला 1.05 कोटी पौंड दंड केला. तिथला ग्राहक कंपनी बदलू शकतो. आपल्याकडेही पोर्टेबिलिटी आहे, पण दुसरी एजन्सी जवळ असेल तरच तिचा उपयोग!

म्हणून भांडू नका, लेखी मागा. "दादा, शेगडी सक्तीची आहे एवढं लिहून द्या." असं लिहून द्यायला सहसा कोणी धजत नाही. तरी घ्यावीच लागली, तर शेगडीची वेगळी पावती घ्या, फोटो काढा. मग तेल कंपन्यांचा 1800-2333-555 किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915. तक्रार क्रमांक जपा. तिथं काम झालं नाही तर गोंदियाचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून मोबाइलवरही अर्ज होतो.

घाई असेल तर आधी कनेक्शन पदरात पाडून घ्या. पावती हातात असली की तक्रार 2 वर्षांपर्यंत करता येते. आणि त्यानंतर सिलिंडर मुद्दाम उशिरा यायला लागलं, तर बुकिंगचा एसएमएस डिलीट करू नका. तारीख त्यातच असते.