शुल्क किती आणि शुल्क केव्हा?

(उज्जैन येथे मराठी भाषकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उज्जयिनी ही विद्येची फार जुनी पेठ आहे. सांदीपनी ऋषींच्या आश्रमात यादवकुळातील कृष्ण आणि दरिद्री सुदामा शेजारी शेजारी बसून शिकले, ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथेतील एका तपशिलाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. गुरुदक्षिणेचा प्रश्न निघाला तो विद्या पूर्ण झाल्यावर. आश्रमाच्या दारात नव्हे. आजच्या विद्यापीठाला ही रीत जशीच्या तशी लागू करता येणार नाही, हे उघड आहे. प्रयोगशाळा, ग्रंथालये, प्राध्यापकांचे वेतन यांचा खर्च कोणीतरी उचललाच पाहिजे. परंतु विद्यार्थ्याचा वाटा किती असावा आणि तो त्याच्याकडून केव्हा मागावा, हे दोन्ही प्रश्न आजही तितकेच जिवंत आहेत. पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची होत नाही. म्हणून आज मी प्रामुख्याने त्याविषयी बोलणार आहे.

या नगरीत १९५७ साली विक्रम विद्यापीठ सुरू झाले. २०२५ मध्ये त्याला सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ असे नाव देण्यात आले. शासकीय विद्यापीठाचा हेतूच असा की, माळव्यातील सामान्य घरच्या मुलामुलींना उच्च शिक्षण आपल्या भागात आणि आपल्या ऐपतीत मिळावे. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगानेही शिक्षण क्रमाक्रमाने शुल्कमुक्त करावे आणि पुढे गरजू व होतकरू विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही सवलत विद्यापीठापर्यंत न्यावी, अशी दिशा दाखविली होती. पुढे वारे बदलले. १९९२-९३ मधील न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाचा प्रथम १५ टक्के आणि दहा वर्षांनंतर २५ टक्के भाग स्वतः उभारावा, असे सुचविले. त्याच काळापासून देशभरातील विद्यापीठांत स्ववित्तपोषित अभ्यासक्रम वाढत गेले. परिणामी एकाच आवारात कला शाखेचे शुल्क बेताचे, तर नोकरीची आशा दाखविणाऱ्या अभ्यासक्रमाचे शुल्क कितीतरी अधिक, असे दृश्य दिसू लागले.

गरजूंचा भार समाजाने उचलण्याची परंपरा मात्र आपल्याकडे खंडित झालेली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृह उभे केले, ते याच जाणिवेने. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्याच्या महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' हा मार्ग रुजविला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक १,२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना शुल्कमाफी मिळाली आणि खेड्यापाड्यांतील अनेक घरांतून पहिला पदवीधर बाहेर पडला.

आज आपल्या हाताशी काय आहे? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. मध्य प्रदेश शासनाने २००५ मध्ये 'गाव की बेटी' योजना सुरू केली. गावातील शाळेतून बारावीत प्रथम श्रेणी मिळवून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला दरमहा ५०० रुपये, वर्षातील दहा महिने, असे तिचे स्वरूप ठरले. २०१७ च्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत राज्य मंडळाच्या परीक्षेत ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत ८५ टक्के गुण मिळविणाऱ्यांचे शिक्षण शुल्क शासन भरते. उत्पन्नाची मर्यादा आरंभी ६ लाख रुपये होती. २०१८ मध्ये नोंदणीकृत असंघटित कामगारांच्या मुलांसाठी जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजना आली. महाराष्ट्रात जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले.

मग अडते कोठे? बंधूंनो, ते अडते पंचांगात. प्रवेशाचे दिवस जून-जुलैचे. नेमके हेच दिवस माळव्यात सोयाबीनच्या पेरणीचे. बियाणे, खत, मजुरी यांत शेतकऱ्याच्या घरातील शेवटचा पैसा जमिनीत जातो आणि तो दसरा-दिवाळीच्या सुमारास परत येतो. तराना, महिदपूर, बडनगर, खाचरोद या भागांतील ज्या घरात ऑक्टोबरात शुल्क भरणे जड जात नाही, त्याच घरात जुलैमध्ये तीच रक्कम डोंगराएवढी होते. दुसरीकडे, शिष्यवृत्तीची रक्कम अर्ज, छाननी आणि मंजुरी होऊन खात्यावर येते, ती प्रवेशानंतर. म्हणजे सवलत उशिरा पोहोचते आणि शुल्क मात्र आधी मागितले जाते. या मधल्या महिन्यांत घरातील एक दागिना सावकाराकडे जातो. किंवा मुलाचा प्रवेश होतो आणि मुलीला 'पुढच्या वर्षी पाहू' असे सांगितले जाते. ते पुढचे वर्ष बहुधा येत नाही. ज्या मुलीला शासनाने शुल्क माफ केले आहे, तिनेच शुल्कापायी घरी बसावे, यासारखे दुर्दैव दुसरे कोणते?

अन्य देशांनीही या प्रश्नाशी झुंज दिली आहे. जर्मनीतील काही राज्यांनी विद्यापीठांत शुल्क लावून पाहिले आणि २०१४ पर्यंत त्या सर्वांनी ते मागे घेतले. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये निराळी वाट धरली. विद्यार्थ्याने आधी शिकावे आणि ठरावीक उत्पन्नाच्या वर गेल्यावर करासोबत आपला वाटा फेडावा, अशी ती व्यवस्था आहे. गुरुदक्षिणेचीच ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. तथापि कर्ज ते कर्जच. भूमिहीन मजुराचे घर त्याच्या नावानेही बिचकते. म्हणून आपल्याकडे अधिक साधा उपाय हवा, आणि तो आपल्या आवाक्यातला आहे.

पहिली विनंती महाविद्यालयांना. जो विद्यार्थी शुल्कमाफीस पात्र असल्याचे कागद दाखवितो, त्याच्याकडून प्रवेशाच्या खिडकीवर शिक्षण शुल्क मागू नये. शासनाकडून रक्कम येईपर्यंत त्याच्या नावे येणे दाखवावे. जो पात्र नाही पण शेतीवर अवलंबून आहे, त्याला हप्ते द्यावेत आणि मोठा हप्ता पीक घरात आल्यानंतरचा ठेवावा. दुसरी विनंती अधिकाऱ्यांना. महाविद्यालयांना प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर मिळाली, तरच त्यांना अशी सवलत देणे शक्य होईल. दाखला आठ दिवस लांबला तर आपल्या दफ्तरी ती एक प्रलंबित नोंद असते. त्या विद्यार्थ्याचे मात्र एक वर्ष गेलेले असते.

तिसरी विनंती शिक्षकांना. बारावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे दिवस रिकामे जातात. त्या काळात आपल्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याचा उत्पन्नाचा दाखला, मूल निवासी प्रमाणपत्र, जातीचा दाखला, समग्र क्रमांक आणि आधारशी जोडलेले बँक खाते एकदा पडताळून पाहावे. गुणपत्रिकेवरील नाव व आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी अर्ज अडकू शकतो. हा फरक मे महिन्यात दुरुस्त करणे सोपे असते, जुलैमध्ये कठीण. योजनांच्या अटी आणि मर्यादा वेळोवेळी बदलतात. तेव्हा त्या वर्षीचे नियम महाविद्यालयातून विचारून घेऊन शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

शेवटची विनंती पालकांना. शुल्क माफ झाले म्हणजे खर्च संपला असे नाही. उज्जैनमधील खोलीचे भाडे, खानावळ, बसचा पास आणि पुस्तके यांचा खर्च उरतोच. यासाठी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करावा. आणि 'आमच्या मुलीला कोण देणार?' असे स्वतःच ठरवून अर्जच न करण्याची चूक कृपा करून करू नये. शुल्कमाफी ही कोणाची मेहेरबानी नाही. आपण सर्वांनी भरलेल्या करातून उभ्या राहिलेल्या विद्यापीठावर तिचा तो हक्क आहे.

शुल्क किती असावे, हे धोरण ठरविणारे ठरवतील. त्यासाठी आपण आपला आवाज अवश्य उठवावा. परंतु मंजूर झालेली सवलत योग्य दिवशी योग्य हातात पडावी, हे या सभागृहात बसलेल्या आपणा सर्वांच्या हाती आहे. येत्या पेरणीच्या हंगामात आपल्या गावातील एकही मुलगी केवळ तारखेपायी मागे राहणार नाही, एवढी दक्षता आपण घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!