दगडातला प्राणी कसा पाहावा



नरडाणा गावाच्या शिवारात जो काळा खडक उघडा पडलेला दिसतो, त्याच जातीचा बसाल्ट अजिंठा आणि पितळखोऱ्याच्या डोंगरांत आहे. पाट्या-वरवंट्याचा हा दगड. तिथली लेणी पाहायला जाल, तेव्हा कोरलेल्या प्राण्यांसाठीही वेळ काढा. पाहताना एकच प्रश्न विचारा : कारागिरानं या प्राण्यातलं काय राखलं आणि काय सोडलं?

अजिंठ्याचं पहिलं लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. तिथं एका खांबाच्या माथ्यावर हरणांची चार धडं आहेत, पण डोकं एकच. हात आडवा धरून तीन धडं झाका, उरलेलं हरीण पुरतं होईल. मग दुसरं उघडून बघा, तेच डोकं त्यालाही शोभेल. ही करामत साधली, कारण हरीण मान कशी वळवतं हे त्या हाताला पक्कं ठाऊक होतं.

चाळीसगावहून कन्नडच्या अंगाला असलेलं पितळखोरं याहून कितीतरी जुनं. तिथल्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. हत्तींचा पुढचाच भाग कोरलाय, मागचं अंग डोंगरातच राहिलंय. त्यामुळेच सगळं लेणं त्यांनी पाठीवर तोललंय असं वाटतं. इथं सोडलेला भागही काम करतो.

आता उत्तर ध्रुवाकडे जाऊ. कॅनडातल्या बॅफिन बेटावर इनुइट या तिथल्या मूळ समाजातले कलावंत सर्पेंटाइन दगडात सील, वॉलरस आणि पांढरं अस्वल घडवतात. 1949 मध्ये मॉन्ट्रियलला इनुइट कलेचं प्रदर्शन भरलं आणि बाहेरच्या जगाचं तिकडं लक्ष गेलं. आपल्या लेण्यांत दगड जागचा हलत नाही. त्यांचा दगड सुटा, हातात घेऊन चारी बाजूंनी घडवायचा. म्हणून त्यांचं अस्वल एका पायावर नाचू शकतं. अंगावरचे केस कोरायच्या भरीला बरेच जण पडत नाहीत. पण मानेचा बाक आणि खांद्याचा भार चुकत नाही. यातले कितीतरी कलावंत स्वतः शिकारी. ज्या जनावरावर घर जगायचं, त्याची चाल त्यांना दुरूनही कळायची.

तेव्हा लेण्यात शिरल्यावर फोटोची घाई करू नका. आधी समोरून बघा, मग बाजूला सरका. भार कुठल्या पायावर आहे ते शोधा आणि बरोबरच्या पोरांनाही शोधायला लावा. पोरांना ते आपल्याआधी सापडेल.