जुनी मोटार : भंगार की ठेव?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. आजवर या जागेवरून बालसंगोपन, काटकसर, वाळवणाचे पदार्थ, आरोग्य अशा विषयांवर पुष्कळ चांगली भाषणे झाली. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले, तेव्हा मी विषय सांगितला, 'जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार'. ऐकून एकदोघी हसल्या. "अहो वहिनी, हा बायकांचा विषय आहे होय?" असेही एकीने विचारले.

मी तिला म्हटले, बाई गं, गाडी उभी असते आपल्या अंगणात. तिच्यावर लागणारा पैसा निघतो आपल्या डब्यातून. आणि ती घेऊन रस्त्यावर जातो तो आपला मुलगा. मग हा विषय आपला नाही तर कोणाचा? मी सातवी शिकलेली बाई. यंत्रशास्त्र मला येत नाही. पण जे पाहिले, ऐकले आणि विचारून घेतले, ते आपल्यापुढे मांडते.

पहिल्याने थोडे जपानविषयी सांगते, कारण आजकालच्या मुलांना वेड आहे ते जपानी गाड्यांचे. दोन माणसांनी बसायची, ठेंगणी, वेगाने धावणारी जी मोटार असते तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. पूर्वी अशा गाड्या मुख्यतः इंग्लंड, इटली, जर्मनी इकडे होत. 1967 साली टोयोटा कंपनीने 2000 जीटी नावाची गाडी विक्रीस काढली. अशा गाड्या साडेतीनशेच्या आसपासच झाल्या. त्याच वर्षी जेम्स बाँडच्या चित्रपटात ती घेतली. पण नायक इतका उंच, की त्याचे डोके आत मावेना. मग तिचे छप्परच काढून टाकले! पुढे 1969 साली निस्सान कंपनीची फेअरलेडी झेड आली. अमेरिकेत ती डॅटसन 240 झेड या नावाने विकली गेली. किंमत साडेतीन हजार डॉलरच्या घरात. तशा युरोपी गाड्यांच्या मानाने पुष्कळच कमी. त्यामुळे साध्या नोकरदारालाही ती घेता आली. तिला एकच खोड होती. तिचा पत्रा लवकर गंजे. म्हणून पुष्कळ गाड्या संपल्या, आणि ज्या राहिल्या त्या लोक आज जपून, दुरुस्त करून ठेवतात.

कंपन्यांनाही त्याचे महत्त्व पटले आहे. माझदा कंपनीने 1989 साली काढलेल्या आपल्या छोट्या रोडस्टर गाडीचा जीर्णोद्धार करून देण्याचे काम 2017 साली जपानात स्वतःच हाती घेतले. त्यासाठी कापडी छप्पर, लाकडी स्टिअरिंग, इतकेच काय पण जुन्या घाटाचे टायरसुद्धा पुन्हा नव्याने करवून घेतले. जुने भांडे टाकून न देता कल्हई करून घ्यावे, तसेच हे.

आता आपल्याकडे वळते. तसल्या गाड्या आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुठून असणार? पण जपानी मोटार आपल्या दारात केव्हाच आली आहे. तिचे नाव मारुती 800. सुझुकी कंपनीच्या गाडीवरून ती केली, आणि 14 डिसेंबर 1983 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. इंजिन कितीचे, तर 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे. 2014 साली ती बनायची बंद झाली. हरपाल सिंग यांनी ती पहिली गाडी 2010 साली आपल्या निधनापर्यंत विकली नाही. त्यानंतर ती उघड्यावर उभी राहून गंजली. शेवटी कंपनीने तिची डागडुजी करून ती आपल्या मुख्य कचेरीत मांडून ठेवली. देशातली पहिली गाडी म्हणून तिचे भाग्य उजळले. बाकीच्या हजारो गाड्या चिंचेखाली आणि लिंबाखाली उभ्या आहेत.

त्यातलीच एक आमच्या वाड्यात होती. आमच्या थोरल्या भाऊजींनी 1997 साली घेतलेली. ते गेल्यावर सहा वर्षे तिला कोणी हात लावला नाही. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. जाऊबाई "द्या" म्हणत नव्हत्या आणि "ठेवा" असेही म्हणत नव्हत्या. पुतण्याला मात्र ती नवी करायची होती, आणि नुसती नवी नव्हे, तर स्पोर्ट्स कारसारखी. खाली बसवलेली, रुंद चाकांची, गर्जना करणाऱ्या सायलेन्सरची. मायलेकरांत रोज वाद. तो म्हणे, "बाबांची आठवण आहे." त्या म्हणत, "आठवण आहे ना, मग तिचे सोंग कशाला करतोस?"

या वादात मी मिस्त्रीकडे दोनचार खेपा केल्या. त्यांनी जे समजावले ते आपल्याही उपयोगी पडेल.

आपल्या भागाची हवा कोरडी. कोकणातल्यासारखा गंज येथे चढत नाही. पण ऊन फार. त्याने रबर कडक होते, नळ्या तडकतात. उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. टाकीतले पेट्रोल वर्षानुवर्षे राहिले की डिंकासारखे चिकट होते आणि कार्बोरेटरची बारीक भोके बुजवते. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेते, मग आतला भाग गंजतो. आणि पायाखालचे रबर उचलून पाहावे. आमच्या गाडीला वरून गंज नव्हता, पण तेथे पावसाचे पाणी मुरून पत्र्याची चाळण झाली होती.

अशा ठिकाणी सडलेला पत्रा कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो. काही ठिकाणी मात्र भोकावर पुट्टीचा लेप देऊन वरून झगझगीत रंग मारतात. ते म्हणजे विरलेल्या लुगड्याला खळ लावून इस्त्री करण्यासारखे. परीक्षा सोपी आहे. घरातला लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे खाली पुट्टीचा थर समजावा. कोणी जुनी गाडी विकत घेत असेल तर ही युक्ती जरूर करावी.

टायरचेही असेच. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असे नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2315 असेल, तर तो 2015 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला असे समजावे. फार वर्षांचा टायर उन्हात कडक होऊन तुळजापूरच्या घाटात दगा देईल, मग नक्षी काय कामाची?

आता कामाचा क्रम. पुतण्याला आधी रंग, चाके आणि सायलेन्सर हवा होता. मिस्त्री म्हणाले, आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, टायर, वायरिंग. त्यानंतर इंजिन, पत्रा आणि सर्वांत शेवटी रंग. मुलाला ते पटेना. इंजिन सुरू झाल्याबरोबर हौसेने त्याने गाडी वाड्यात दहा पावले चालवली आणि ब्रेक दाबला, तो पायपट्टी सरळ तळाला गेली! व्हील सिलिंडरचे रबर फाटून ऑईल गळून गेले होते. गाडी कडब्याच्या गंजीत शिरून थांबली म्हणून निभावले. जाऊबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या दिवसापासून क्रमाबद्दल वाद उरला नाही.

हौसेच्या फेरफारांविषयी दोन शब्द. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली, तर आपल्या रस्त्यांवर टायर पत्र्याला घासतो आणि वळणावर तोल बिघडतो. मोठे दिवे आणि भोंगे फ्यूज न घालता थेट बॅटरीला जोडले, तर वायर तापून गाडी पेटते. आणि कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, कंपनीने ठरवून दिलेल्या स्वरूपात मन मानेल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. इंजिन बदलायचे, गॅसकिट बसवायचे, तर आर.टी.ओ.ची मंजुरी आणि आर.सी. बुकात नोंद पाहिजे. रंग बदलला तरी नोंद करून घ्यावी. नाहीतर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करते, आणि तेव्हा घर बसते.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून मिळते. वीस वर्षांपुढच्या मोटारीची ही फी 2025 साली दहा हजार रुपये केली. तेव्हा हिशेबात तीही धरावी. पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळी नोंदणी आहे; त्यांच्या पाटीवर 'व्हीए' अशी अक्षरे येतात. अशी गाडी मात्र रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे पहिल्या मारुतीला तो मान 2033 नंतर. फेरफार केलेल्या गाडीला मात्र तो मिळायचा नाही. मुलांना हे सांगावे : जी मूळची राहील तिचेच मोल वाढेल.

याचा अर्थ मुलांच्या हौसेला आपण नाही म्हणावे असा नव्हे. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून मुलासाठी छोटी जीप बनवली, लाथ मारून सुरू होणारी. 2021 च्या डिसेंबरात तिची बातमी देशभर झाली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले. पण ही गाडी नियमात बसत नाही, अधिकारी ती अडवतील, असेही सांगितले आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. 2022 च्या जानेवारीत ती लोहारांना मिळाली. कौतुक आणि कायदा, दोन्ही एकाच ठिकाणी कसे सांभाळावे याचा हा नमुना आहे.

आमच्या घरी ठरले ते असे. एक वही घातली. दर महिन्याला ठरावीक रक्कम, त्यापुढे एक पैसा नाही; कर्ज तर नाहीच. प्रत्येक सामानाची पावती वहीत. पुतण्याने सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीच्या हाताखाली राबायचे. गाडी उभी राहायला चौदा महिने लागले. खर्च भंगाराच्या भावापेक्षा कितीतरी जास्त झाला, हे खरे. विकायला काढली तर तो निघणार नाही, हेही खरे. मग मिळाले काय? मुलगा पत्रा ठोकायला, वायर जोडायला, मोजून पैसे खर्चायला शिकला. आणि जाऊबाई पुढच्या सीटवर बसून येडाईला जाऊन आल्या. सायलेन्सर कंपनीचाच आहे आणि रंगही पूर्वीचाच पांढरा. आत एकच नवी गोष्ट बसवली : सीटचे पट्टे. ती मागणी जाऊबाईंचीच.

भगिनींनो, ज्या घरात मागे कोणी नाही, हात आखडता आहे, तेथे गाडी रीतसर मोडीत द्यावी, आर.टी.ओ.मधून नोंद रद्द करून घ्यावी आणि निश्चिंत व्हावे. त्यात कमीपणा नाही. मात्र मुलाला खरी आवड असेल, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. ब्रेक केव्हा करणार? नोंद केव्हा करणार? आणि वही कुठे आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली, तर खुशाल होय म्हणावे.