रोग्याच्या पाण्याचा जमाखर्च

श्रोतेहो, रुग्णालयात रोग्याच्या खाटेपाशी एक तक्ता टांगलेला असतो. त्याच्या एका रकान्यात रोग्याच्या पोटात वा शिरेत किती द्रव गेला हे लिहितात. दुसऱ्यात लघवी, उलटी आणि जुलाब यांवाटे किती बाहेर पडला हे लिहितात. भेटीस आलेल्यांची दृष्टी औषधांच्या बाटल्यांकडे जाते, तक्त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु कित्येक प्रसंगी रोग्याचे प्राण या दोन रकान्यांवर अवलंबून असतात. आज त्यांविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

६० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. त्यातील दोनतृतीयांश पेशींच्या आत आणि एकतृतीयांश पेशींच्या बाहेर. हे निव्वळ पाणी नव्हे. बाहेरच्या पाण्यात सोडियम मुख्य, तर आतल्या पाण्यात पोटॅशियम मुख्य. ही वाटणी टिकते म्हणूनच मज्जातंतू संदेश नेतात, स्नायू आकुंचन पावतात आणि हृदय तालात चालते. रक्ताची आम्लताही अशीच जपावी लागते. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या मर्यादेत असावा लागतो. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडे जादा आम्ल लघवीवाटे काढून ही मर्यादा राखतात.

आता कोणती वस्तू कोणत्या वाटेने गेली, यावर पुढचा प्रकार ठरतो. सतत उलट्या झाल्या तर जठरातील आम्ल जाते आणि रक्त अधिक अल्कधर्मी होते. जुलाबावाटे बायकार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार जातो, म्हणून रक्त आम्लतेकडे झुकते. मग रोग्याचा श्वास खोल आणि जलद चालू लागतो. धाप दिसली म्हणजे दोष छातीतच असेल असे नव्हे. हा भेद जाणणारी परिचारिका डॉक्टरांना वेळेवर सावध करू शकते.

या शास्त्राचा आरंभ पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत झाला. १८३१-३२ साली विल्यम ओशॉनेसी यांनी पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून दाखविले, की त्यातील पाणी, मीठ आणि अल्क यांचा ऱ्हास झालेला असतो. त्यावरून १८३२ साली स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लॅटा यांनी एका वृद्ध स्त्रीच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. सहा पिंट, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर पाणी गेल्यावर मरणोन्मुख स्त्री बोलू लागली. धोका टळला असे वाटून लॅटा तिला दुसऱ्यांच्या हाती सोपवून विश्रांतीस गेले. लवकरच जुलाब पुन्हा सुरू झाले. पाणी मात्र पुन्हा चढविले गेले नाही. साडेपाच तासांत ती स्त्री मरण पावली.

श्रोतेहो, उपचार खरा होता. उणा पडला तो पहारा. झालेली तूट भरून काढणे हे अर्धे काम. पुढे चालू राहिलेली गळती मोजून तितकेच देत राहणे हे उरलेले अर्धे. हे दुसरे अर्धे काम मुख्यत्वे शुश्रूषेचे आहे.

म्हणून कुशल परिचारिका काय पाहते? डोळे खोल गेले आहेत काय, जीभ कोरडी आहे काय, चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होते काय, नाडी क्षीण आहे काय, हे ती पाहते. ६० किलो वजनाच्या माणसास ताशी ३० मिलिलिटरहून कमी लघवी होऊ लागली तर ती स्वस्थ बसत नाही. ती रोज एकाच वेळी, त्याच काट्यावर रोग्याचे वजन करते. एका दिवसात एक किलोची घटबढ म्हणजे बहुधा एक लिटर पाण्याची घटबढ होय. उलटपक्षी, वृद्ध वा हृदयरोगी मनुष्यास सलाईन वेगाने गेले तर पायांवर सूज येते आणि फुप्फुसांत पाणी साचते. पोटॅशियमचे औषध तर पुष्कळ द्रवात मिसळून, सावकाशच द्यावयाचे असते. थेट शिरेत टोचल्यास हृदय बंद पडू शकते.

हे ज्ञान रुग्णालयापुरतेच नाही. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ते रोग्यांना पाजविले. पाजणारे बहुधा रोग्यांचे नातलगच होते. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून शेकडा ४ च्या आत आले. ग्लुकोजच्या जोडीने आतडे सोडियम शोषून घेते आणि त्यामागोमाग पाणीही आत येते. पटकीतही ही वाट बहुधा शाबूत असते.

आज ओआरएसची पुडी औषधांच्या दुकानात सहज मिळते. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच, स्वच्छ, मोजून घ्यावे. पाणी कमी घेतल्यास मीठ अधिक होऊन मुलास अपाय होतो. अधिक घेतल्यास गुण येत नाही. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. स्तनपान बंद करू नये. खाणाऱ्या मुलास पेज, मऊ भात द्यावा. मूल ग्लानीत असेल, पिऊ शकत नसेल किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर मात्र घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि तेथे परिचारिकेने विचारले, ‘लघवी केव्हा झाली? जुलाब किती झाले? पाणी किती प्याला?’ तर ते प्रश्न क्षुल्लक मानू नयेत. घरूनच हा हिशेब लिहून न्यावा. तिच्या तक्त्याची पहिली ओळ त्यामुळे बिनचूक भरली जाते, आणि पुढचा उपचार त्या ओळीवरच उभा राहतो.