बालवर्गाला काय द्यावं?



आपल्या बॅचने जमवलेल्या निधीतून शाळेच्या बालवर्गाला भेट द्यायची आहे. ग्रुपवर सर्वांत जास्त मतं टॅबलेटना पडली आणि मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून कोणते घ्यायचे ते मी सांगावं असं ठरलं. मी चौकशी केली. पण आज मी तुमच्याकडे वेगळंच मागणार आहे : वाळू, पाणी, झोका, मणी आणि बाईंच्या हाताखाली एक मदतनीस. माझा माझ्या व्यवसायावर राग नाही, त्यावरच माझं घर चालतं. तरीही असं का म्हणते, ते ऐका.

बालवर्गातलं मूल तीन ते सहा वर्षांचं. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती मऊ कूर्चेची असतात. एकेक करत ती टणक होत जातात आणि शेवटचं हाड तयार व्हायला साधारण दहावं-बारावं वर्ष उजाडतं. शरीरावरचा ताबाही क्रमाने येतो. आधी मान, पाठ, खांदा, मग कोपर, मनगट आणि शेवटी बोटं. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण. थोडं पुढेमागे होतंच. आता आपला ‘क्ष’ आठवा, ‘ज्ञ’ आठवा. गाठी, तिरक्या रेषा, वर शिरोरेषा. ज्या हाताला अजून त्रिकोण जमत नाही, त्याच्याकडून ओळीच्या ओळी गिरवून घेण्यात काय अर्थ आहे?

हे मला पुस्तकातून नाही, माझ्या मुलामुळे कळलं. तो साडेचार वर्षांचा असताना त्याच्या शाळेतून रोज वहीत शेरा यायचा, ‘लेखन अपूर्ण’. गोष्टी सांगण्यात पटाईत असलेल्या या मुलाच्या, वही काढली की पोटात दुखायचं. आम्ही त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे नेलं. त्या बाईंनी पेन्सिल हातातही दिली नाही. त्याला स्टुलावर बसवलं, एका पायावर उभं केलं, चेंडू झेलायला लावला. मग म्हणाल्या, “बोटांचं नंतर बघू. याची पाठ आणि खांदे आधी दमतात.”

घरचा अभ्यास असा मिळाला : रोज कणकेचा गोळा मळायचा. रुमाल दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचे. मोठा ब्रश पाण्यात बुडवून गच्चीची भिंत ‘रंगवायची’. बागेत झोका घ्यायचा, दांड्याला लोंबकळायचं. आजीने त्यात मटार सोलण्याची भर घातली. सात-आठ महिन्यांत पोटदुखी थांबली. त्याचं अक्षर आजही काही मोत्यासारखं नाही, पण लिहायला तो आपणहून बसतो. मला तेवढं पुरे आहे.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. थेरपिस्ट आणखी दोन जाणिवा मोजतात. एक तोलाची, ती आतल्या कानात असते. दुसरी स्नायू आणि सांध्यांतून येणारी, हात-पाय कुठे आहेत आणि किती जोर लावायचा हे सांगणारी. झोका, लंगडी, फुगडी, बादली उचलणं यांतून या दोन्ही घडतात. वाळूचा किल्ला बांधायचं ॲप मी लिहू शकते. पण त्या वाळूला वजन नसेल, ओलावा नसेल. काचेवर दगड आणि कापूस बोटाला सारखाच लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, आणि त्याहून कमी तर उत्तम. तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसातून तीन तास हालचाल व्हावी, त्यातला एक तास चांगली दमछाक करणारी. स्क्रीनचा तास बहुतेक घरांत शाळेबाहेरच संपतो. शाळेने द्यायचे आहेत ते बाकीचे तास.

यात नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंखशिंपले, पानं, माती हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यांवरच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ तिथली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयासाठी खेळातून शिकणं हाच पाया मानला आहे.

आता माझी मागणी. झाकण असलेला वाळूचा हौद. पाण्याची टबं, नरसाळी, मापं. दोन झोके आणि चढायची जाळी. मोठे मणी, जाड खडू, मुलांच्या उंचीचा फळा. पण निम्मी रक्कम यांवर खर्च करू नका. ती मदतनिसाच्या दोन वर्षांच्या पगारासाठी ठेवा. वाळू सांडते, कपडे भिजतात, आणि तीस मुलांमागे एकच बाई असतील तर हौदाचं झाकण आठवडाभरात कायमचं बंद होईल. शिवाय वर्षातून एकदा थेरपिस्टना बोलावून सगळी मुलं दाखवून घेऊ. एखाद्याला खरीच अडचण असेल, तर तो ‘आळशी’ ठरण्याआधी ती कळेल.

पालक विचारतील, “वहीत काहीच का नाही?” हा प्रश्न बाईंना एकटीने झेलावा लागू नये. आपल्यातले बरेच जण आज पालक आहेत, दोघे-तिघे डॉक्टर आहेत. पहिल्या पालकसभेला आपण बाईंच्या शेजारी बसू. मी येईन, शब्द देते.

टॅबलेट पाचवीच्या पुढच्या वर्गांना पुढच्या वर्षी जरूर देऊ. ते निवडायचं काम माझ्याकडेच ठेवा. यंदा मात्र बालवर्गाला खेळू द्या. जेवणानंतर पुन्हा मतदान आहे, तेव्हा याचा विचार व्हावा, एवढीच विनंती.